लोपेतीने न पाहिलेली बहीण

संत्र्याच्या बागेत भल्या पहाटे उठून कुणाचं भलं होत नाही. झाडांवर दव असतं, आणि ओल्या फळाला हात लागला की त्याच्या सालीवर डाग उठतो. मग ते दुकानात न जाता रसाच्या कारखान्यात जातं. म्हणून मुकादम डॅरिल सकाळी येतो, दोन-चार फळं चाचपून बघतो, "अजून ओलंय" म्हणतो आणि आपल्या गाडीत जाऊन बसतो. तोवर गड्यांनी करायचं काय? ऑस्ट्रेलियातल्या मिल्डुराच्या बाहेरच्या त्या जुन्या मोटेलात टोंगाहून आलेली आमची माणसं स्वयंपाकघरातल्या हीटरभोवती कोंडाळं करून बसायची, चहात जाड बिस्किटं बुडवायची आणि रील बघायची.

बघण्याची कारणं ज्याची त्याची. पेनी बघायचा, कारण तो तरणाबांड गडी होता आणि गप्प बसणं त्याच्या कुंडलीत नव्हतं. टोळीचा म्होरक्या तांगिनोआ, वयाने सगळ्यांत थोर, रविवारच्या प्रार्थनेत "हे सैतानाचं खेळणं आहे" म्हणून सांगायचा आणि सोमवारी त्याच खेळण्यावर गावाकडची मयतं आणि चर्चच्या गाण्याच्या तालमी डोळ्यांत पाणी आणून बघायचा. कुणी बायको तिकडे काय करते ते कळावं म्हणून बघायचं, आणि कुणी नेमक्या त्याच भीतीने बघायचं नाही. घर समुद्रापलीकडे राहिलं की माणसाला घराचा कुठलाही तुकडा चालतो, अगदी शेजारीण चटई धुताना दिसली तरी.

लोपेती मात्र कधीच बघायचा नाही. त्याच्या फोनमध्ये ते अ‍ॅपच नव्हतं. पेनी त्याला देवमाणूस म्हणून चिडवायचा, पण कारण देवाधर्माचं नव्हतं. त्याची बहीण सेलुवाइया त्यात होती.

भाऊ-बहिणीने एका खोलीत बसून टीव्ही बघायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पडद्यावर पुढच्या घटकेला काय येईल सांगता येत नाही, आणि वाह्यात काही आलं तर दोघांनाही तोंड लपवायला जागा उरत नाही. बहीण नाचताना दिसली, थट्टा करताना ऐकू आली, की भावाने तिथून उठायचं. लोपेतीला मिसरूड फुटायच्या आत घराबाहेरच्या मुलांच्या खोपट्यात झोपायला पाठवलं होतं. बापाने टीव्ही आणला तेव्हा ती आत असली की हा बाहेर नीरफणसाखाली बसून नुसते आवाज ऐकायचा. त्याला त्यात कधी अन्याय वाटला नाही. बहिणीचा मान भावाच्या वर. लग्नात, मयतात उत्तम चटया तिच्यापुढे ठेवल्या जातात आणि तिचा शब्द भाऊ खाली पडू देत नाही.

इतरांच्या बाबतीत हा गडी गरीब गाय नव्हता, हेही सांगून ठेवतो. तरुणपणी पांगाईच्या धक्क्यावर कुणीतरी सेलुवाइयाबद्दल एक घाण शब्द काढला, तर याने त्या माणसाचा जबडा मोडला. घरचे माफीच्या चटया घेऊन त्याच्या दारात मान खाली घालून बसले तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. रागावला की लोपेती ओरडत नसे. अगदी शांत व्हायचा, आणि त्याचीच लोकांना भीती वाटायची.

सेलुवाइया तिकडे फोआ बेटावर, आपल्या घराच्या ओट्यावर बसून नकला करायची. पाद्र्याची बायको दुसऱ्यांच्या टोप्या कशी बघते, बँकेतली बाई पैसे देताना आपल्या खिशातले देत असल्यासारखं तोंड कसं करते, ऑस्ट्रेलियाहून परतलेला नवरा नव्या बुटांत कसा चालतो. आमची निम्मी जात बेटांबाहेर पसरलेली, आणि ती ऑकलंडपासून अमेरिकेतल्या युटापर्यंत सगळीकडे तिला ओळखायची. बाई खरंच गुणाची होती.

तेव्हा मोटेलात आपोआप एक रीत पडून गेली. तिचा व्हिडिओ लागला की कुणीतरी म्हणायचं, "लोपेती, दव वाळलं का बघून ये रे." तो मुकाट्याने कप घेऊन उठायचा, बाहेर जाऊन दार ओढून घ्यायचा आणि बागेकडे तोंड करून उभा राहायचा. थोड्या वेळाने आतून हसण्याचा गदारोळ उठायचा. पेनीला तर ठसका लागायचा. लोपेतीला ते फार आवडायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण थंडीत कप हातात धरून तो त्या हसण्याची वाट बघायचा. बहीण खुशाल आहे हे कळायला त्याला तेवढं पुरत होतं.

जुलैमध्ये डुक्कर निघालं.

त्याला ते कळलं पेनीच्या तोंडाळपणामुळे. दोघं शेजारच्या झाडांवर शिड्या लावून तोडत होते. पेनीने पानांतून डोकं काढलं.

"लोपेती, यंदा घरी गेलो की तुझ्या ताईकडचं ते डुक्कर भाजून खायचं. आपलं ठरलं."

"कसलं डुक्कर?"

"अरे, ते मारकुटं. आता त्यात लाजायचं काय, डुकराबद्दलच बोलतोय मी. शुक्रवार आला की अंगावर धावून येतं म्हणे. एकदा तिला भिंतीवर ढकललं, एकदा हातच चावला. ती असलं सांगते ना, हसून हसून आमचं पोट दुखतं. काल म्हणाली, डुक्कर कितीही माजलं तरी रविवारी पांढरा सदरा घालून चर्चला..."

पेनी बोलता बोलता थांबला. आपण बोललो ते आपल्याच कानांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखा.

"तिच्याकडे डुक्कर नाही," लोपेती म्हणाला. तो तोडतच होता.

"नवीन घेतलं असेल."

"मानासेच्या घरात डुक्कर वर्ज्य आहे. त्यांचा पंथ वेगळा. तिच्या लग्नात आम्ही डुकरं नेली नाहीत, बैल नेले. शिवायलासुद्धा चालत नाही त्यांना."

मानासे म्हणजे सेलुवाइयाचा नवरा.  पेनी शिडीवरून उतरला आणि अर्धीच भरलेली पिशवी गळ्यात घेऊन खोक्याकडे निघून गेला. अर्ध्या पिशवीसाठी कुणी शिडी उतरत नाही. लोपेतीने त्याच्या पाठीकडे बघितलं. पेनी लहरी आहे, त्याने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी "दव बघून ये" असं तांगिनोआच म्हणाला, आणि फार हळू म्हणाला. लोपेती बाहेर गेला, दार ओढलं, उभा राहिला. आतून कुणी हसलं नाही. त्याने चहा संपवला. मग आत जाण्याआधी नेहमीप्रमाणे खाकरला, तर आत फोन पालथे पडल्याचे आवाज आले.

तिसऱ्या दिवशीही तेच. आणि मग माणसं त्याच्याशी बरी वागायला लागली. ताटात टिनमधल्या बीफचा मोठा तुकडा त्याच्याकडे सरकायला लागला. त्याच्या वाटणीचं धुणं कुणीतरी वाळत घालून टाकलं. शनिवारी कावा म्हणजे आमच्या मुळीच्या पेयाची कटोरी मंडळात फिरली तर त्याच्यापुढे ती दोन्ही हातांनी आली. लोक विनाकारण गोड वागायला लागले की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय.

लोपेतीने आधी वाईटच विचार केला, आणि तो बहिणीबद्दल केला. तिने असं काही दाखवलं असेल की या माणसांना त्याच्याकडे बघण्याची लाज वाटतेय. नाच असेल, अंगावरचे कपडे असतील, कुणी परका पुरुष असेल. डुकराचा विचार मनात यायचा आणि तो त्याला हाकलून परत लाजेच्या विचाराकडे जायचा, कारण लाज परवडली. लाजेत निदान कुणाला मार लागत नाही. सगळा आठवडा तो असा आतल्या आत सोलपटत राहिला. त्याच्या पिशवीत देठं तुटलेली फळं निघायला लागली, आणि डॅरिलने पहिल्यांदाच त्याला हटकलं.

शेवटी एका सकाळी दव वाळायची वाट न बघता त्याने पेनीला भांडी घासायच्या मोरीपाशी गाठलं. कॉलर धरली नाही. नुसता जवळ उभा राहिला आणि शांतपणे विचारलं,

"माझ्या बहिणीबद्दल काय बोलता तुम्ही?"

"कुणी काही बोललं नाही, लोपेती. देवाशपथ."

"तेच विचारतोय. हसत का नाही तुम्ही?"

 पेनीच्या हातातला कप मोरीत पडला. खोलीतली सगळी माणसं उभी राहिली होती, आणि पुढच्या घटकेला कुणाचा जबडा जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

"त्याला सोड," तांगिनोआ म्हणाला. "इकडे ये."

"तुम्ही सांगा मग, काका."

"काय सांगू? भावापुढे त्याच्या बहिणीच्या अंगाबद्दल बोलू? साठी उलटली माझी. माझ्या तोंडून ते निघायचं नाही."

अंग हा शब्द तेवढा निघून गेला होता. तांगिनोआच्याही ते लक्षात आलं आणि त्याने मान खाली घातली.

त्या दुपारी लोपेतीने रीतसर मार्ग धरला. आमच्यात घरात बापाची बहीण सगळ्यांत मोठी. तिच्यापुढे भावाच्या पोरांनी वर बघायचं नसतं. त्याने आत्याला फोन लावला. आत्या फोआवरच राहायची, सेलुवाइयाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

"आत्या, ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. रविवारी गात होती. तू जेवतोस ना वेळेवर? तिकडे थंडी फार म्हणतात."

"तिच्याकडे डुक्कर घेतलंय का हो?"

 पलीकडून कोंबड्या तेवढ्या ऐकू आल्या.

"तू आपला हंगाम पुरा कर," आत्या म्हणाली. "मध्ये सोडून आलास तर पुढच्या वर्षी यादीत तुझं नाव लागणार नाही. पोरांच्या शाळा आहेत."

"डुक्कर घेतलंय का, एवढंच विचारतोय मी."

"नवरा-बायकोत थोडंफार असतंच, लोपेती," असं म्हणून आत्याने फोन ठेवला.

त्याने नवऱ्याचं नाव काढलंच नव्हतं.

मग त्याने बहिणीला लावला. ती हसली, नव्या चटईबद्दल बोलली, त्याच्या पोरांची चौकशी केली. सगळं छान आहे म्हणाली. त्याने ऐकून घेतलं. भावाने बहिणीला याच्यापलीकडे विचारायचं नसतं, आणि ते विचारायचे शब्दही त्याच्याकडे नव्हते. मानासे काही परका नव्हता. लोपेतीच्या बापाच्या मयताला सगळ्यांत मोठे याम कंद त्यानेच आणले होते, लोपेतीला विमानतळावर सोडायला तोच आला होता, गळ्यात गळा घालून रडला होता. नुसत्या संशयावरून अशा माणसाचं घर कसं मोडायचं? आणि संशय खरा असला तर आपण घर मोडून तरी थांबू का, याची लोपेतीला स्वतःचीच खात्री नव्हती. घरी वळचणीला खोचलेला कोयता त्याला डोळे मिटले की दिसायचा.

दुसऱ्या दिवशी ऊन लवकर पडलं. पिशव्या अडकवून सगळे रांगांत शिरले तेव्हा तांगिनोआ त्याच्या झाडाखाली आला. त्याने पेनीचा फोन पालथ्या घातलेल्या खोक्यावर ठेवला.

"मी सांगू शकत नाही," तो म्हणाला. "पण विसरून जाऊ शकतो. फोन इथे विसरला, असं समज."

"काका, हे बघितलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

"आम्ही इतके जण रोज बघतो. बघतो, आणि वर हसलोही. तिच्यासाठी जो काही करू शकतो तो एकटाच बाहेर दव बघत उभा." म्हाताऱ्याने फोन त्याच्याकडे सरकवला. "पाप लागलं तर माझ्या नावावर घाल."

त्याने हाक दिली तशी सगळी टोळी शिड्या खांद्यावर घेऊन पलीकडच्या रांगांत निघून गेली. कुणी मागे वळून बघितलं नाही. लोपेतीने हात सदऱ्याला पुसले. संत्र्याच्या तेलाने बोटं चिकट झाली होती, आणि पहिल्यांदा पडदा दाद देईना.

मग बहीण समोर आली.

इतक्या जवळून त्याने तिचा चेहरा लहानपणानंतर बघितला नव्हता. ती म्हातारी झाली होती. कानाजवळचे केस पांढरे, एका डोळ्याखाली त्वचा सैल. त्याला रडू आलं ते आधी एवढ्याचंच. मग ती बोलायला लागली आणि तो चक्रावला, कारण ती खरंच विनोदी होती. डुकराची नक्कल करायची, फुरफुरायची, जेवणात मीठ कमी म्हणून डुक्कर ताट कसं उधळतं ते दाखवायची. हसू ओठांपर्यंत यायचं आणि त्याच वेळी तिचा हात वर जायचा, लांब बाही मागे सरायची, आणि ती बोलता बोलता ती खाली ओढून घ्यायची. त्याने एकापाठोपाठ एक बघितले. एकात ती डोक्याला फडकं बांधून होती. एकात उजवा हात कुठेच दिसत नव्हता. खाली परदेशातल्या लोकांनी हसून लोळणारी तोंडं टाकली होती. गावातल्या बायकांनी नुसती हृदयं टाकली होती. त्या बायकांना मानासेच्या घरात डुक्कर नसतं हे पक्कं ठाऊक होतं.

शेवटच्या व्हिडिओत तिने कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर दिलं होतं. सिडनीच्या एका बाईने विचारलं होतं, तुला भाऊ नाही का, त्याला सांग ना. सेलुवाइया त्यात नक्कल करत नव्हती.

"आहे ना," ती म्हणाली. "फार चांगला आहे. तो हे बघत नाही, म्हणून तर मी इथे बोलते. त्याला कळलं तर तो हातात काहीतरी घेऊन येईल, आणि मग माझा नवरा जमिनीत आणि भाऊ तुरुंगात. मला काय उरलं मग? कुठेतरी बोलल्याशिवाय राहवत नाही, बाई. तुम्ही हसा. तुम्ही हसलात की मला वाटतं, फार काही झालेलं नाही."

लोपेती उठला. त्याला मानासेला मारायचं होतं. त्याचं रडणं, त्याचे याम, गळ्यात घातलेला हात, सगळं आठवलं आणि तो झाडाच्या बुंध्याला टेकून ओकला. तिच्याकडे बघायचं नाही, असा आयुष्यभर तिचा मान राखला, आणि त्या मानाच्या आडून तिने मार खाल्ला. या विचाराने तो मोडला. आपली चूक नाही हे त्याला कळत होतं, पण कळून उपयोग होत नव्हता.

त्याने स्वतःचा फोन काढून तिला लावला. तिकडे दुपार झाली होती. मानासे वाडीवर असण्याची ती वेळ.

"ताई, मी येतोय."

"का? हंगाम तर आहे अजून."

"हंगाम राहू दे."

"आत्या काही बोलली का?"

"आत्या काही बोलली नाही."

"मग कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

पलीकडे शेजारी कुठेतरी बायका कापडासाठी झाडाची साल कुटत होत्या. लाकडावर लाकूड आपटल्याचा एकसारखा आवाज येत होता. लोपेतीला बहिणीचा श्वास ऐकू येत होता.

"तू बघितलंस," ती म्हणाली.

खोटं बोलणं सोपं होतं. तिचीही लाज राहिली असती आणि त्याचीही. एका शब्दाने सगळं जिथल्या तिथे गेलं असतं.

"हो," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

ती फोन ठेवेल असं त्याला वाटलं. यानंतर ती कधी बोलली नसती तरी त्याने ते मान्य केलं असतं. ती रडत होती, तोंडावर हात दाबून.

"मग ये," ती म्हणाली. "पण मला न्यायला ये. त्याला मारायला येणार असशील तर तिथेच थांब."

 लोपेतीला हो म्हणवत नव्हतं. वळचणीचा कोयता डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"लोपेती. मी सांगतेय तुला."

आजवर तिने त्याला फारसं काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते त्याने कधी मोडलं नव्हतं. त्याने गळ्यातली पिशवी काढून खोक्यावर ठेवली.

"बरं, ताई," तो म्हणाला, आणि डॅरिलच्या गाडीकडे चालू लागला.